इनाम घेतलं म्हणून पोरगा ‘हौशी’ राहिला नाही का?

माहुलीकर (सातारा)

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण तालमीत पोर ठेवलेल्या बऱ्याच घरांना तो लागू पडेल असं वाटलं, म्हणून धागा काढतोय.

माझा भाचा सतरा वर्षांचा. कोरेगावच्या बाजूला एका तालमीत राहतो, पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतो, महिन्यातून एकदा घरी येतो. बहिणीची दीड एकर जमीन, मेहुणे ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतात. यंदा चैत्रातल्या एका जत्रेत भाच्याची कुस्ती दोन हजारांवर लागली. जोड तोलामोलाची होती. सहाव्या मिनिटाला त्यानं घिस्सा मारून समोरच्याला आस्मान दाखवलं, हलगी कडाडली आणि हा मैदानाला फेरी मारायला निघाला. लोकांनी दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा हातात दिल्या.

घरी आला तेव्हा त्या नोटा टॉवेलात बांधलेल्या होत्या. घामानं ओल्या, आखाड्यातल्या मातीनं लाल झालेल्या. बहिणीनं परातीत ओतून एकेक नोट पदरानं पुसली आणि मोजली. इनामासकट चार हजार एकशे तीस. दूधवाल्याच्या उधारीतले अडीच हजार फिटले, एक किलो बदाम आले, उरलेले डब्यात गेले.

पंधरा दिवसांनी एका स्पर्धेच्या नावनोंदणीला गेला. तिथं टेबलावर बसलेल्या गृहस्थांना कुणीतरी हे सांगितलं. ते याला म्हणाले, “तू पैशाची कुस्ती केलीस म्हणजे प्रोफेशनल झालास. पुढं इंटरनॅशनलचं स्वप्न बघू नकोस, तिथं हौशीच लागतात.” पोरगं घरी येऊन दोन दिवस जेवलं नाही. बहिणीचा फोन आला, “दादा, ते पैसे गावच्या कमिटीला परत करू का? कुणाकडनं उसने घेईन, पण त्याचं पुढचं बंद नको व्हायला.”

हौशे, नवशे, गवशे हे जत्रेतले तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो. ‘हौशी’चा हा चौथा अर्थ मला माहीत नव्हता. जाणकारांनी सांगावं. खरंच असं काही आहे का?


मिरज जंक्शन

आधी उत्तर, बाकीचं मागनं. पैसे परत करू नका. ऑलिंपिक असो, एशियाड असो की जागतिक स्पर्धा, कुस्तीत रोख बक्षीस घेतलं म्हणून आता कुणाला अडवत नाहीत. प्रो रेसलिंग लीग 2015 च्या डिसेंबरात सुरू झाली. साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दोघंही त्या लीगमध्ये पैसे घेऊन लढले. साक्षीनं रिओत ब्राँझ घेतलं, बजरंगनं टोकियोत. ताईंना आजच फोन करा.

त्या गृहस्थांच्या डोक्यात जुना नियम बसलेला असणार. नियम खोटा नव्हता, आणि त्यात माणसं भरडून निघाली. त्यातलं सगळ्यात मोठं नाव जिम थॉर्प. अमेरिकेतल्या मूळनिवासी घरातला मुलगा. 1912 ला स्टॉकहोममध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्हींत त्यानं सुवर्ण घेतलं. पुढच्या वर्षी पेपरात आलं की 1909 आणि 1910 च्या उन्हाळ्यात हा नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या लीगमध्ये आठवड्याच्या थोड्याशा डॉलरांवर बेसबॉल खेळला होता. बेसबॉल! ज्या खेळात पदक मिळालं त्याचा त्याच्याशी संबंधसुद्धा नाही. तरी दोन्ही पदकं काढून घेतली. आक्षेप स्पर्धेनंतर 30 दिवसांत घ्यायचा असा त्याच स्पर्धेचा नियम होता, आणि हा आला सहा महिन्यांनी.

थॉर्प 1953 ला गेला. 1982 मध्ये त्याला ‘संयुक्त’ विजेता म्हणून परत धरलं. एकटा विजेता असं पुन्हा नाव लागायला 2022 उजाडलं. पदकं मिळाल्यापासून 110 वर्षं.

तुमच्या भाच्याच्या चार हजारांवरून मला तेच आठवलं.


कोयनाकाठ (कराड)

मिरजकर, थॉर्पबरोबर पावो नुर्मीचंही नाव घ्या. फिनलंडचा धावपटू, नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकं. 1932 ला लॉस एंजेलिसमध्ये मॅरेथॉन पळायचं म्हणून तिथवर पोचला, आणि प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतले असं म्हणून त्याला बाहेर ठेवलं. वीस वर्षांनी हेलसिंकीला ऑलिंपिक आलं तेव्हा स्टेडियममध्ये मशाल घेऊन पळत आला तो हाच नुर्मी. 19 जुलै 1952.

त्यानंतर चारच दिवसांनी, 23 जुलैला, आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी त्याच हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ घेतलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी कराडचा आहे, गोळेश्वर माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. हे लिहिताना आजही छाती भरून येते.

आता ‘हौशी’ म्हणजे काय ते खाशाबांच्या बाजूनं बघा. हेलसिंकीला जायचा खर्च स्वतः उभा करायचा होता. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून, त्या पैशातून ते कर्ज फेडलं असं आमच्याकडं सांगितलं जातं. म्हणजे ऑलिंपिकसाठी हौशी राहायचं, आणि ऑलिंपिकचं कर्ज फेडायला तिकिटाची कुस्ती करायची. दुसरा मार्ग कुठला होता?

कराड स्टेशनवरून गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. आमचे आजोबा त्यातल्या एका गाडीवर होते. पोलिसात नोकरी मिळाली ती 1955 ला, पदकानंतर तीन वर्षांनी. अर्जुन पुरस्कार 2000 ला, आणि ते गेले 1984 मध्ये.


हलगी

काका, एक विचारू? मी स्वतः 74 किलोत खेळतो. हा नियम मुळात केला कशासाठी? पैसे घेतल्यानं ताकद वाढते थोडीच.


वारणातीर

मी छत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, म्हणून थोडं लांब लिहितो.

हलगी, ताकदीचंच कारण दिलं होतं बाळ, पण उलट्या बाजूनं. नियमाचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात आहे. तिथल्या नौकानयनाच्या संघटनेचा 1880 च्या दशकातला नियम असा, की जो माणूस पोटासाठी कारागिरी करतो, मजुरी करतो, हातानं राबतो, तो हौशी धरायचा नाही. होडीशी त्याचा संबंध नसला तरी. विटा वाहून ज्याचे दंड कमावलेले आहेत त्यानं साहेबाच्या मुलाबरोबर वल्हवायला बसायचं नाही. त्या काळी इंग्लंडात हौशी म्हणजे ज्याला पोटाची चिंता नाही असा माणूस. तो नियम आपल्या भागाला लावला असता तर नांगर धरणारा, मोट हाकणारा एकही पैलवान बसला नसता.

हे सगळं मला मान्य आहे. तरी दुसरी बाजू मी मांडणार, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

पैसा आला की काय होतं ते आपल्या मैदानांनी बघितलंय. मोठ्या इनामाची कुस्ती लागते. दोघं पैलवान खडाखडी करतात, अर्धा तास मान आणि मनगट यापुढं जात नाहीत, शेवटी पंच बरोबरीत सोडवतात. इनाम दोघांत वाटलं जातं आणि लोक कपडे झटकत उठतात. काही जोडी आधीच ठरलेल्या असतात, हे तालमीत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माझा एक विद्यार्थी, हाडाचा पैलवान, त्याला अशाच एका कुस्तीत ‘आज पडायचं’ म्हणून सांगितलं गेलं. तो पडला. पैसे मिळाले. त्यानंतर त्यानं लांग बांधली नाही, आज दुधाचा टँकर चालवतो. भेटला की नमस्कार करतो, पण कुस्तीचा विषय काढू देत नाही.

रेवड्यांवरच्या कुस्त्या बघा कधी लक्ष देऊन. सात-आठ वर्षांची पोरं, हातात मूठभर रेवड्या पडणार एवढंच. पण पाठ लागेपर्यंत सोडत नाहीत. ते जे आहे ना पोरांच्या अंगात, ते हौशीपण. ते जपायला पाहिजे असं ज्यांना वाटत होतं ती सगळीच माणसं ढोंगी नव्हती.


कृष्णाकाठ (सांगली)

सर, तुमच्याविषयी आदर आहे, पण ठरवून केलेली कुस्ती हा पैशाचा दोष नाही. तो मैदान भरवणाऱ्यांचा आणि पंचांचा दोष आहे. निकाली कुस्तीलाच इनाम अशी अट घालणारी मैदानं आपल्याकडं आहेतच की.

आणि आपल्या जिल्ह्याचा इतिहास बघा. पुनवतचे गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने. दोघंही हिंदकेसरी, दोघंही इनामाच्या मैदानांत लढलेले. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. थॉर्पला लावलेली फूटपट्टी त्यांना लावली असती तर दोघंही घरी बसले असते. इनामानं त्यांची कुस्ती नासली का? इनाम होतं म्हणून खुराक चालला, खुराक होता म्हणून जकार्ता दिसलं.

मला तर आजचीच गोष्ट जास्त टोचते. 2022 चं बर्मिंगहॅमचं राष्ट्रकुल आठवा. भारताचं पहिलं पदक आणलं सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरनं. 55 किलो, स्नॅचमध्ये 113, क्लीन अँड जर्कमध्ये 135, एकूण 248. सुवर्णवाल्याचे 249. एका किलोनं हुकलं. दुसऱ्या जर्कला कोपर दुखावलं तरी तिसरा प्रयत्न करायला उभा राहिला, आणि पदक घ्यायला आला तो हात झोळीत अडकवून. घरची पानटपरी आणि चहाची गाडी, हे सगळ्या सांगलीला माहीत आहे. त्याच स्पर्धेत महिला क्रिकेटचंही रौप्य आलं, त्या संघात सांगलीची स्मृती मानधना. गाव एक, स्पर्धा एक, पदकाचा रंगही एक. सहा महिन्यांनी महिला प्रीमियर लीगच्या लिलावात स्मृतीची बोली 3 कोटी 40 लाखांवर गेली.

स्मृतीबद्दल अभिमानच आहे, तिनं ते बॅटनं कमावलंय. पण एकाच पथकात, एकाच रंगाच्या ब्लेझरमध्ये दोघं चालतात तेव्हा ‘हौशी की व्यावसायिक’ हे कोण ठरवतं? खेळाडू ठरवत नाही. त्या खेळाला बाजार आहे की नाही, त्यावर ते ठरतं. वेटलिफ्टिंगला बाजार नाही. संकेत मनापासून व्यावसायिक व्हायला निघाला तरी होणार कुठं?


माणदेशी

कृष्णाकाठ दादा, बाजार नाही तिथं आपल्याकडं नोकरी आहे. हे कुणीच अजून लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या माणातली ललिता बाबर, मोही गावची. आधी खो-खो खेळायची, मग लांब पल्ल्याची धावपटू झाली, रेल्वेत लागली. 2016 ला रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचली, दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ट्रॅकवर ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय. फलटणच्या सरडे गावचा प्रवीण जाधव, टोकियोत तिरंदाजी केली, तो सैन्यात. या दोघांना हौशी म्हणायचं की व्यावसायिक? सकाळ-संध्याकाळ सराव हेच काम, पगार दर महिन्याला.

शीतयुद्धाच्या काळात रशियावाले हेच करायचे म्हणून अमेरिका आरडाओरडा करायची. सोव्हिएत संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला आला तेही हेलसिंकीलाच. त्यांचे खेळाडू कागदावर सैनिक नाहीतर विद्यार्थी असायचे आणि प्रत्यक्षात वर्षभर सराव करायचे. खाशाबा ज्या दोघांकडून हरले त्यातला एक जपानचा इशी, दुसरा सोव्हिएतचा मामेदबेकोव्ह. इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना दुसऱ्या कुस्तीला उतरवलं आणि भांडायला आपला कुणी अधिकारी तिथं नव्हता, असं नेहमी सांगितलं जातं. एकीकडं अख्खं सरकार पाठीशी असलेला ‘हौशी’ आणि दुसरीकडं गुरुजींचं घर गहाण टाकून आलेला हौशी. दोघांच्या नावापुढं शब्द तोच.

आपणही नंतर तोच रस्ता धरला. रेल्वे, सैन्य, पोलीस. मी त्याला नावं ठेवत नाही. मी स्वतः दहावीपासून पळते, खेळाच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरीला लागले, त्यावर दोन बहिणींची लग्नं झाली. पण एक सांगते. आमच्या तालुक्यात पोरी पळतात त्या भरतीसाठी. भरती झाली की पळणं थांबतं. माझंही थांबलं. पहिल्या पगाराच्या महिन्यात स्पाइक्स माळ्यावर टाकले ते परत काढले नाहीत. नोकरी हे बक्षीस झालं की खेळ ही परीक्षा होते, आणि पास झाल्यावर पुस्तक कोण उघडतं.


हलगी

ताई, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. आमच्या तालमीतल्या बावीस जणांत ऑलिंपिक म्हणणारे दोन आहेत. बाकी सगळे पोलीस भरती म्हणतात.


मिरज जंक्शन

नियम सुटला कसा, ते थोडक्यात. एव्हरी ब्रुंडेज नावाचे गृहस्थ 1952 ते 1972 ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते, हौशीपणाचे कट्टर पुरस्कर्ते. 1912 ला थॉर्पच्या त्याच दोन स्पर्धांत ते स्वतः उतरले होते आणि खूप मागं राहिले होते. त्यांच्या काळात थॉर्पची पदकं परत मिळाली नाहीत.

ते पदावरून गेल्यावर 1974 मध्ये पहिली फट पडली. सरावासाठी कामावर खाडा झाला तर त्या खाड्याची भरपाई घ्यायला परवानगी मिळाली. मग 1986 ला ठरलं, की व्यावसायिकांना घ्यायचं की नाही ते ज्या त्या खेळाच्या जागतिक संघटनेनं ठरवावं. म्हणून प्रत्येक खेळाची तऱ्हा वेगळी. टेनिस 1988 ला परत आलं ते व्यावसायिकांना घेऊनच. बास्केटबॉलवाल्यांनी 1989 ला दार उघडलं आणि 1992 ला बार्सिलोनात अमेरिकेनं आपले लीगचे बादशहा उतरवले. फुटबॉलला पुरुषांसाठी 23 वर्षांची अट, 1996 पासून त्यात वयानं मोठे तीन खेळाडू चालतात. बॉक्सिंग सगळ्यात उशिरा, थेट 2016 ला. तेव्हा रिओत तीन व्यावसायिक बॉक्सर आले आणि तिघंही पदकाशिवाय परत गेले. बारा फेऱ्यांची सवय असलेल्याला तीन फेऱ्यांची लढत वेगळीच असते. आपल्या मातीतल्या पैलवानाला मॅटवर तीन-तीन मिनिटांत गुण घ्यायला सांगितलं की जे होतं, तेच.

आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला 44 वर्षं लागली. 1996 ला अटलांटात ते लिअँडर पेसनं आणलं. पेस पूर्णवेळ व्यावसायिक टेनिसपटू. जुना नियम असता तर ते पदकही आलं नसतं.

नावातून मात्र शब्द हळूहळू गेला. अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेनं नावातला ‘अमॅच्युअर’, म्हणजे हौशी, हा शब्द 2001 ला काढला, आणि पॅरिसला 2024 मध्ये त्याच संघटनेनं प्रत्येक सुवर्णामागं 50,000 डॉलर दिले.


वाळव्याचा रेडर

आमच्या कबड्डीत अजून ‘अमॅच्युअर’ आहे बरं का. भारताच्या महासंघाचं नावच अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन, आणि त्याच छत्राखाली 2014 पासून प्रो कबड्डी चालते.

मी जिल्हा संघातून खेळलोय, लीगच्या चाचणीला दोनदा गेलो, निवड झाली नाही. माझ्या बरोबरीचा एक जण निवडला गेला. पहिल्या हंगामाच्या पैशात त्यानं घरावर स्लॅब टाकला आणि वडिलांचं सोसायटीचं कर्ज फेडलं. गावात त्या दिवसापासून कबड्डीकडं बघायची नजर बदलली. आधी आया म्हणायच्या, गुडघे फोडून घेतो. आता मैदानावर सोडायला येतात.

पण वारणातीर सरांच्या बाजूनंही एक बोलतो. लीगमध्ये इराणचे खेळाडू आले, आपल्या पोरांबरोबर राहिले, आपले डाव शिकले. 2018 ला जकार्तात उपांत्य सामन्यात इराणनं आपल्याला 27-18 हरवलं. 1990 पासून एशियाडमधलं प्रत्येक सुवर्ण आपलं होतं, ते गेलं. महिलांचा अंतिम सामनाही त्यांनीच घेतला. त्या दिवशी मी टीव्हीसमोर रडलो. पुढं हांगझोउला दोन्ही सुवर्णं परत आली, महिलांचं तर 26-25 असं एका गुणानं. आज विचार करताना वाटतं, एकटेच जिंकत होतो तेव्हा खेळ आपल्यापुरताच होता. आता जिंकायला घाम काढावा लागतो. मला हे आवडतं.


माहुलीकर (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजकरांचं उत्तर वाचून लगेच बहिणीला फोन लावला. भाचा बाजूलाच होता, त्याला थॉर्पची गोष्ट सांगितली. म्हणाला, “मामा, त्याला कुणी सांगणारंच नव्हतं का?” रात्री जेवला.

वारणातीर सर, तुमच्या विद्यार्थ्याची हकीकत मी त्याला सांगितली, मुद्दाम. कुणी ‘पड’ म्हणालं तर मैदान सोडून यायचं, इनाम गेलं तरी चालेल, असं वचन घेतलंय.

हिशेब मांडला तेव्हा मला एक उमगलं. दूध रोज दीड लिटर, बदाम, तूप, अंडी, तालमीची फी, प्रवास. महिन्याला बारा हजारांच्या आत काही बसत नाही. सरकारची टॉप्स योजना आहे, तीत महिन्याला 50,000 मिळतात, पण ती ऑलिंपिकच्या पदकाजवळ पोचलेल्यांसाठी. सतराव्या वर्षापासून तिथंवर पोचायची जी सात-आठ वर्षं आहेत, ती आईच्या परातीतल्या नोटांवर काढायची असतात. सगळा खर्च पदकाच्या आधी आणि सगळा पैसा पदकाच्या नंतर. म्हणून जत्रेचं इनाम मला आता बक्षीस वाटतच नाही. आमच्यासाठी तीच शिष्यवृत्ती आहे, गावानं वर्गणी काढून दिलेली.


औषधाची पेटी (सांगली)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरेच पैलवान येतात. माहुलीकर, इनामाची भीती सोडा, पण एक खरी भीती सांगते. आजकाल पोराला बाहेर काढतात ते डब्यातल्या पावडरीवरून. तालमीत कुणीतरी मोठा मुलगा ‘ताकदीचं’ म्हणून डबा देतो, त्यावरचं लेबल कुणी वाचत नाही. त्यात बंदी असलेलं काही निघालं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण पुरत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. नरसिंग यादव तीन वेळा महाराष्ट्र केसरी. रिओच्या तोंडावर चार वर्षांची बंदी आली. अन्नात कुणीतरी मिसळलं असं तो सांगत राहिला, लवादानं ऐकलं नाही.

सर्दी-खोकल्याच्या साध्या औषधातही बंदी असलेला घटक असू शकतो. तेव्हा भाच्याला सवय लावा. गोळी घेण्याआधी डॉक्टरला सांगायचं, “मी खेळाडू आहे.” आणि थंडाई घरच्या पाट्यावर वाटलेलीच प्यायची. बदाम, बडीशेप, मिरे. आईच्या हातची.


वारणातीर

हे पोस्ट प्रिंट करून तालमीच्या दारावर लावावं असं आहे. ताई, लावू का?

माहुलीकर, वचन घेतलंत ते वाचून बरं वाटलं. माझं सगळं म्हणणं तेवढ्यासाठीच होतं. इनाम घ्यावं, पण पाठ विकू नये. आणि त्याला आता मॅटची सवय लावा. मातीत वाढलेली पोरं मॅटवर पाय घसरतो म्हणून बिचकतात, पट काढायला खाली जातच नाहीत. आठवड्यातून तीन दिवस तरी मॅट पाहिजे. बूट आहेत का त्याच्याकडं?


माहुलीकर (सातारा)

नाहीत सर. डब्यात सातशे तीस उरलेत. नव्या बुटांना त्यात काही होत नाही, पुढच्या जत्रेपर्यंत थांबावं लागेल.


हलगी

नंबर किती? माझ्याकडं आठ नंबरचे आहेत, एकच हंगाम वापरलेले. मला आता नऊ लागतात. पैसे नकोत. शनिवारी साताऱ्यात येतोय, सकाळी दहाला पोवई नाक्यावर भेटतो. त्यालाच घेऊन या, एकदा घालून बघू दे.